पेंढा भरलेले पक्षी

पोस्ट मोठी आहे. वेळ नसेल तर पुढे सरका, राग नाही.

११ एप्रिलला आमच्या नसरापूरच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर नेहमीचं सुरू झालं. सकाळी सातपासून जोतीरावांचे फोटो, त्यावर फुलं, जोडलेले हात, कुठल्यातरी इच्छुकाचा स्वतःचा फोटो महात्म्यापेक्षा मोठा असलेलं बॅनर. नवाच्या सुमारास एका शिकल्यासवरल्या, चांगल्या नोकरीतल्या माणसानं टाकलं की फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेच्या लोकांना अर्पण केलं, अख्ख्या देशात त्यांना एक माणूस सापडला नाही का? खाली हसणारे चेहरे. मग दुसऱ्या बाजूनं घोषणा, मग दोन शिव्या, मग आईबहीण, मग ॲडमिननं ग्रुपला कुलूप घातलं. दुपारी सगळे जेवून झोपले.

मला दोन्हीकडच्यांचा राग आला, पण खरं सांगतो, पहिल्याचा कमी. त्यानं निदान प्रश्न विचारला. घोषणा देणाऱ्यांपैकी एकानंही ते अर्पणपत्र वाचलेलं नव्हतं. वाचलं असतं तर उत्तर त्यातच आहे हे कळलं असतं.

पुस्तक १८७३ चं. मजकूर मराठी, धोंडीराव विचारतो आणि जोतीराव सांगतात अशा संवादाचा. अर्पणपत्र मात्र इंग्रजीत, कारण ते ज्यांच्यासाठी होतं त्यांना मराठी येत नव्हतं. कुणाला अर्पण केलंय? अमेरिकेच्या सरकारला नाही, राष्ट्राध्यक्षाला नाही. तिथल्या सज्जन लोकांना. कशासाठी? काळ्या गुलामांना मोकळं करण्याच्या कामी त्यांनी स्वतःचा काही लाभ नसताना झीज सोसली, त्याबद्दलचं कौतुक म्हणून. आणि इथं आपले सगळे मित्र वाचायचं थांबवतात, बाजूचेही आणि विरोधातलेही. कारण वाक्य पुढं आहे. माझ्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा आणि आपल्या शूद्र भावंडांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावं, अशी कळकळीची इच्छा जोतीराव तिथंच लिहून ठेवतात.

म्हणजे वर पत्ता अमेरिकेचा, पण काम इथल्या माणसाला सांगितलेलं. आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुण्यात सत्यशोधक समाज काढला. अर्पणपत्र लिहून घरी बसले नाहीत.

आता ‘परके’ या शब्दाबद्दल.

आपण श्रावणात बनेश्वराला जातो. नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देऊळ, गर्द झाडी, बाजूला नदी. तिथं जी मोठी घंटा आहे ती नीट बघितलीय का कधी? तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ साल आहे. चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेत पोर्तुगिजांकडून आलेली ती चर्चची घंटा. अडीचशेहून जास्त वर्षं आपण ती वाजवतोय आणि आपला महादेव काही बाटला नाही. घंटा चालते. जोतीरावांचं कौतुकाचं एक वाक्य तेवढं चालत नाही.

दुसरं. रंगो बापूजी गुप्त्यांचं नाव आमच्या तालुक्यात अभिमानानं घेतात, घ्यायलाच हवं. रोहिडखोऱ्याच्या देशपांड्यांचं घराणं, दादाजी नरस प्रभूंचे वंशज. १८३९ साली इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह छत्रपतींना गादीवरून काढून काशीला धाडलं, आणि त्यांची दाद मागायला हा माणूस विलायतेला गेला. जवळपास चौदा वर्षं तिथं राहिला. परका देश, परकी भाषा, हातात पैसा नाही, धनी दूर काशीत आणि १८४७ साली तोही वारला. पुढच्याच वर्षी डलहौसीनं सातारा खालसा केलं. तरी हा हटला नाही. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी या दोघांवर अख्खा ग्रंथ लिहिलाय. लायब्ररीत मिळतो, बॅनरवर मिळत नाही.

त्या लंडनमध्ये रंगो बापूजींच्या बाजूनं, ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांच्या सभेत, तोंडावर उभं राहून बोलणाऱ्यांत एक ठळक नाव होतं जॉर्ज थॉम्पसन. हा कोण? साताऱ्याचा सोयरा नव्हता. हा गुलामगिरीविरुद्ध भाषणं देत फिरणारा इंग्रज. १८३४ साली तो अमेरिकेत गेला तो याच कामासाठी. १८३५ च्या सप्टेंबरात न्यू हॅम्पशायरमधल्या कॉन्कर्ड गावात त्याच्या जिवावर जमाव उठला. त्या वेळी त्याच्या सोबत आलेला एक तरुण कवी रस्त्यात जमावाच्या तावडीत सापडला. दगड, चिखल, सडकी अंडी सगळं अंगावर घेतलं. दगड थॉम्पसनसाठी होते, लागले कवीला. दोघं कसेबसे निसटले.

त्या कवीचं नाव जॉन ग्रीनलीफ व्हिटियर. शेतकऱ्याचा पोरगा, धर्मानं क्वेकर. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती लोकांतला एक पंथ. जुन्या क्वेकरांच्या सभेत भटजी नसतो, सगळे गप्प बसतात आणि ज्याला आतून वाटेल तो उठून बोलतो, बाईसुद्धा. न्यायाधीश असो की नोकर, सगळ्यांना एकाच एकेरी ‘तू’नं बोलायची त्यांची जुनी रीत, आणि त्यापायी त्यांच्या पूर्वजांनी मारही खाल्लाय. देव आणि माणूस यांच्यात दलाल नको हे सत्यशोधकाला वेगळं शिकवावं लागणार नाही. १८३३ साली फिलाडेल्फियात गुलामगिरीविरोधी संस्था निघाली, तिच्या जाहीरनाम्यावर व्हिटियरची सही आहे. पुढं कवी म्हणून देशभर नाव झालं, तरी म्हणायचा की कुठल्याही पुस्तकाच्या पहिल्या पानावर माझं नाव असण्यापेक्षा त्या कागदावर ते आहे याचं मला जास्त मोल आहे. १८३८ साली तो संपादक असलेल्या पत्राचं ऑफिस ज्या इमारतीत होतं ती जमावानं जाळून टाकली. उद्घाटन होऊन तीन दिवस झाले होते.

तर मित्रा, ज्यांना तू परके म्हणतोस ते हे लोक. जोतीरावांनी ‘सज्जन’ म्हणून ज्यांना हात जोडले त्यांच्यातलाच एक रोहिडखोऱ्याच्या माणसासाठी लंडनमध्ये भांडत होता, ‘गुलामगिरी’ छापून यायच्या पंचवीस-तीस वर्षं आधी. रंगो बापूजींचा पुतळा चालतो, त्यांच्या मित्रांच्या मित्रांना केलेला नमस्कार चालत नाही, हा काय प्रकार आहे? (रंगो बापूजी परत आले, १८५७ च्या उठावात उतरले, मुलगा सीताराम याला इंग्रजांनी साताऱ्यात मृत्युदंड दिला आणि ते स्वतः जे गायब झाले ते हाती लागलेच नाहीत. हेही एकदा पोरांना सांगत जा.)

इथवर पहिल्या मित्राशी भांडण. आता माझ्या स्वतःच्या बाजूचे, जयंतीवाले.

व्हिटियरला म्हातारपणी चाहत्यांच्या पत्रांनी बेजार केलं होतं. कुणाला सही हवी, कुणाला चार ओळी हव्यात. त्या चाहत्यांत एक सम्राट होता, ब्राझीलचा दोम पेद्रो दुसरा. मोठा विद्वान, बऱ्याच भाषा जाणणारा. व्हिटियरनं ॲमेझॉनच्या रानातल्या एका पक्ष्याच्या आर्त हाकेवर कविता लिहिली होती. सम्राटानं ती स्वतः पोर्तुगीजमध्ये आणली, कवीला पाठवली, सोबत पत्र, आणि भेट म्हणून त्याच जातीचे पेंढा भरलेले पक्षी. पुढं १८७६ साली सम्राट अमेरिकेत गेला तेव्हा बोस्टनमध्ये व्हिटियरला मुद्दाम भेटला, मिठी मारली.

किती छान ना? आता ब्राझीलची १८७२ ची शिरगणती बघा. त्या देशात तेव्हा सुमारे १५ लाख माणसं गुलाम होती. गुलामगिरीच्या विरोधात अर्धं आयुष्य घातलेल्या कवीचा हा चाहता पंधरा लाख गुलामांच्या देशाच्या सिंहासनावर बसून पत्र लिहीत होता. न्यायानं बोलायचं तर माणूस वाईट नव्हता. स्वतःच्या मालकीचे गुलाम त्यानं सोडले होते, १८७१ साली गुलाम बाईच्या पोटी जन्मणारं मूल मोकळं धरायचा कायदा त्याच्याच काळात झाला. पण शेवटची बेडी तुटली ती १८८८ साली, तीही तो परदेशी असताना त्याच्या मुलीच्या सहीनं. मळेवाले दुखावतील म्हणून सगळं हळूहळू. पत्र मात्र वेळेवर.

हे दोन चाहते शेजारी ठेवून बघा. एकाकडे सिंहासन, पत्ता, टपाल, भाषा सगळं. दुसरा पुण्यातला फुलमाळ्याचा पोरगा, त्याच्याकडे अमेरिकेतल्या एकाचाही पत्ता नाही, म्हणून ‘सज्जन लोकांस’ एवढंच. दुसऱ्यानं भेटीदाखल पक्षी पाठवले नाहीत. ‘तुम्ही तुमच्याकडे केलंत, आता आमच्याकडचं आम्ही बघतो’ असं कबूल करून दिलं. प्रस्तावनेत तर स्वच्छ म्हटलंय की तिकडचे गुलाम आणि इकडचे शूद्र यांच्यात फरक इतकाच, तिकडच्यांना एकाएकी पकडून नेलं आणि इकडच्यांना जिंकून दास केलं. तिकडचं वाचता वाचता नजर घरात वळली.

आणि आम्ही? आम्ही दोम पेद्रोचे वारस. ३ जानेवारीला आमच्या हायवेवरून नायगावकडे गाड्या जातात. चेलाडी फाट्यावर उभं राहून बघतो मी, निळे-पिवळे झेंडे, मोठमोठे स्पीकर. सावित्रीबाईंनी त्याच नायगावातून जोतीरावांना पत्रं लिहिली. १८६८ च्या पत्रात आहे की एक ब्राह्मण पोरगा आणि एक महार पोरगी यांना गावकरी मारायला निघाले होते आणि ही बाई मधे पडली. पत्रात तिनं काय केलं ते आहे, त्या दिवशी तिच्या भावना काय होत्या याचं फार काही नाही. आमच्या पोस्टमध्ये नेमकं उलटं असतं. भावना भरपूर. कृतीच्या जागी फोटो. पेंढा भरलेला.

‘आम्ही’ म्हणतोय, कारण आता माझं सांगतो.

माझं नसरापुरात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे. गेल्या दिवाळीनंतर वेल्ह्याकडचं (आता कागदोपत्री राजगड तालुका) एक कातकरी जोडपं दुकानात आलं, सोबत दहा-अकरा वर्षांची पोरगी. वीटभट्टीवर निघाले होते. मुकादमानं धाडलेलं, आधार कार्डांच्या आणि वहीच्या एका पानाच्या झेरॉक्स काढायला. कार्डं मुकादमाकडेच राहणार होती. मी म्हटलं, कार्डं कशाला देता? नवरा काही बोलला नाही. बाई म्हणाली, “ठेवून घेतात, शेठ. उचल घेतलीय ना.”

काचेवर पान ठेवताना वाचलं. चार वर्षांपूर्वीची उचल २५,००० रुपये. मग दर हंगामाला हजार विटांमागचा भाव, त्यातून आठवड्याची खर्ची वजा, औषधपाणी वजा, अवकाळीत भिजलेल्या कच्च्या विटा वजा. पाऊस वरून पडला, नुकसान मजुराच्या नावावर. नवरा, बायको आणि मोठा मुलगा, अशी तीन माणसं चार हंगाम राबली, आणि शेवटच्या ओळीत बाकी ३१,०००. खाली तीन अंगठे.

बाईनं विचारलं, “ह्यात किती फिटलं लिवलंय?”

मी म्हटलं, “मावशी, हिशेब मुकादमाला विचारा.” पाच झेरॉक्स काढल्या, दहा रुपये घेतले. संध्याकाळी घरी जाऊन ‘गुलामगिरी’वरची कुणाचीतरी पोस्ट शेअर केली. कदाचित लाल बदामही टाकला असेल.

मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं असं नाही. वाचत असतो मी. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. तो म्हणतो की अशी उचल फेडायची जबाबदारीच संपली, ते कर्जच रद्द. हे वेठबिगारीचं कर्ज नाही असं कुणाचं म्हणणं असेल तर ते सिद्ध करायचं देणाऱ्यानं, मजुरानं नाही. वेठीला धरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. जिल्ह्याला आणि प्रत्येक उपविभागाला दक्षता समिती हवी, तिच्यावर अनुसूचित जाती-जमातीची माणसं हवीत. १९८२ साली सुप्रीम कोर्टानं दिल्लीच्या एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच, घटनेच्या कलम २३ चा भंग. सगळं छापलेलं आहे.

लोक काय म्हणतात तेही माहीत आहे, कारण मीही म्हणायचो. पैसे घेतलेत तर फेडायला नकोत का? बँकेचं आम्ही फेडतोच ना? अहो, बँक तुमचं आधार कार्ड कपाटात ठेवते का? हप्ता चुकला तर तुमच्या पोरीला शाळेतून काढून माती मळायला बसवते का? पाऊस पडला तर तुमची मुद्दल वाढवते का? आणि दुसरं ठरलेलं वाक्य, त्यांना कुणी साखळीनं बांधलंय का, जायचं तर जाऊ शकतात. साखळी असती तर बरं झालं असतं, फोटो तरी काढता आला असता. वहीचा फोटो कुणी शेअर करत नाही. ‘भट्टीवाल्यांचाही धंदा आहे, त्यांनाही मजूर पळून जातात’ हेही ऐकलंय. बरोबर आहे, भट्टीवालाही कर्जात असतो. कॅरोलिनाचा मळेवालाही कर्जात होता. आधी सावकाराचं मिटवू, मग माणसं सोडू, असं जोतीरावांनी कुठं लिहिलेलं नाही.

हे होत नाही असंही म्हणू नका. वसईच्या पट्ट्यात विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेनं ऐंशीच्या दशकात वेठबिगार सोडवले, मार खाल्ला, खटले अंगावर घेतले. १९९९ साली लंडनच्या गुलामगिरीविरोधी संस्थेनं त्यांना पुरस्कार दिला. ती संस्था निघाली १८३९ साली, तिच्या स्थापनेत क्वेकर पुढं होते. म्हणजे व्हिटियरच्या धर्मबंधूंनी काढलेली संस्था दीडशे वर्षांनी महाराष्ट्रातल्या वेठबिगारीसाठी पुरस्कार देते, आणि महात्मा फुल्यांच्या जिल्ह्यात झेरॉक्सवाला दहा रुपये गल्ल्यात टाकतो. मी हे स्वतःला चाबूक मारून घ्यायला लिहीत नाहीये. त्यातही एक मजा असते, लाइक मिळतात.

११ तारखेला ग्रुपला कुलूप लागल्यावर दुकानात बसून दोन अर्ज लिहिले. पहिला माहिती अधिकारातला. आमच्या उपविभागाची वेठबिगार दक्षता समिती आज अस्तित्वात आहे का, सदस्य कोण, गेल्या पाच वर्षांत बैठका किती, इतिवृत्तांच्या प्रती, आणि या काळात किती मजुरांना मुक्ती प्रमाणपत्र दिलं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, तो लावलाय. त्याच दहा रुपयांचा, असं समजा.

दुसरा अर्ज भट्ट्यांच्या तपासणीचा. तो जास्त अवघड गेला. बाजाराच्या दिवशी ती बाई मीठ-मिरची घ्यायला आली होती, तिला थांबवून सांगितलं की असं असं लिहितोय, कायदा तुमच्या बाजूचा आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “माझं नाव नका लिवू शेठ. अजून दीड महिना काढायचाय तिथं.” पोरगी सोबत होती. हाताला माती होती.

म्हणून अर्जात तिचं नाव नाही, गाव नाही, भट्टीचंही नाव नाही. तालुक्यातल्या सगळ्या भट्ट्या आणि कोळशाच्या भट्ट्या तपासा, उचलीच्या वह्या बघा, आधार कार्डं कुणाच्या ताब्यात आहेत ते बघा, एवढंच लिहिलंय. कुणा एकीवर बोट जायला नको.

अर्जाखाली सध्या तीन सह्या आहेत. तिसरी, आश्चर्य वाटेल, त्या ‘देशात एक माणूस सापडला नाही का’वाल्याची. फोनवर तासभर भांडलो आणि शेवटी म्हणाला, फुल्यांबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण कागद आण. घोषणा देणाऱ्यांपैकी दोघांनी ‘बघतो’ म्हटलंय.

येत्या सोमवारी सकाळी दहा वाजता चेलाडी फाट्यावरून भोरला जातोय, प्रांत कार्यालयात दोन्ही अर्ज आवक करून पोच घेणार. कुणाला यायचं असेल तर या. आधार कार्डाची झेरॉक्स आणा, सहीसोबत लागेल. दुकानात काढली तर पैसे घेणार नाही.